टिकलीशेजारचं घड्याळ

आमच्या आईच्या आरशावर १७ टिकल्या आहेत. मी मोजल्यात. रात्री झोपताना कपाळावरची टिकली काढून ती आरशाच्या कडेला लावते आणि सकाळी त्यातलीच एक उचलते. काहींचा गोंद कधीच वाळून गेलाय, तरी त्या जागा सोडत नाहीत. तुमच्याही घरी असा एखादा आरसा असणार. तुमच्याकडे नसला तर आजीकडे नक्की.

आता एक काम करा. त्या आरशापुढे हातभर अंतरावर उभे राहा आणि एका टिकलीवर नजर रोखा. नजर तिथून हलवायची नाही, पण मागे आपला चेहरा कसा दिसतोय याकडे लक्ष द्यायचं. धूसर झाला ना? कदाचित एकाचे दोन चेहरेही दिसतील. आता उलट करा, स्वतःच्या डोळ्यांत बघा. चेहरा स्वच्छ होईल आणि टिकली पुसट, किंवा एका टिकलीच्या दोन टिकल्या.

दोन्ही एकाच काचेत, मग दोन्ही एकदम स्पष्ट का दिसत नाहीत? कारण टिकली आहे हातभर अंतरावर आणि आरशातले तुम्ही आहात दोन हात अंतरावर. आपण आरशापुढे जितके लांब, तितकीच आपली प्रतिमा आरशाच्या मागे. डोळ्यांना एका वेळी एकच अंतर धरता येतं. जवळचं धरलं की लांबचं सुटतं.

हे टिकलीचं प्रकरण लक्षात ठेवा. पुढे ते आम्हाला चांगलंच नडलं.

माझी भाची सहावीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे जालन्याला आली. त्याआधी एका मोठ्या शहरातल्या दुकानात तिने एक आरसा पाहिला होता. त्यात वरच्या कोपऱ्यात घड्याळ, खाली तापमान आणि बाकी सगळा नेहमीसारखा आरसा. घरात पाऊल टाकलं, चपला अजून पायातच, आणि बाईसाहेबांचा प्रश्न तयार.

"मामा, त्या आरशामागे टीव्ही होता का रे?"

"असणारच."

"मग टीव्ही का नाही दिसला? नुसते आकडेच कसे दिसले?"

पोरीने वर्मावरच बोट ठेवलं होतं. मी विचारलं, "आत्ता अंधारात एसटीने आलीस ना? खिडकीतून काय दिसत होतं?"

"काही नाही. मीच दिसत होते."

"आणि दिवसा आली असतीस तर?"

"कापूस. मोसंबीच्या बागा."

"खिडकी मात्र तीच, बरोबर?"

ती गप्प झाली. भाची गप्प झाली की समजावं, डोक्यात काहीतरी शिजतंय.

एसटीची काच साधीच असते. साध्या काचेवर प्रकाश पडला की बहुतेक सगळा आरपार जातो, पण थोडा परत फिरतो. एका पृष्ठभागावरून शंभरातले साधारण ४ भाग, म्हणजे पुढचा आणि मागचा पृष्ठभाग मिळून जवळजवळ ८. दिवसा बाहेर लख्ख ऊन असतं. कापसाच्या रानातून येणाऱ्या प्रकाशाच्या लोंढ्यात तुमच्या चेहऱ्यावरून परतलेले ते ८ भाग कुठल्या कुठे वाहून जातात. रात्री बाहेर काळोख, आत दिवा. आता लोंढाच नाही, त्यामुळे ते ८ भागच काय ते डोळ्यांत येतात आणि खिडकीत आपण दिसतो. खिडकी बदलत नाही. कुठल्या बाजूला उजेड जास्त, एवढंच बदलतं.

मग हे ८ भाग वाढवता आले तर? काचेवर धातूचा थर दिला की वाढतात. पूर्वी आरशाला मागून कथील आणि पारा यांचं मिश्रण लावत. म्हणून तर जुना आरसा डागाळला की आजही आपण "आरशाचा पारा उडाला" म्हणतो, जरी त्या आरशात पाऱ्याचा थेंबही नसला तरी. १८३५ साली युस्टुस फॉन लीबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा थर चढवायची रीत शोधली आणि पारा हळूहळू मागे पडला. हा थर पुरेसा जाड असेल तर प्रकाश आरपार जात नाही आणि नेहमीचा आरसा होतो. पण थर फार म्हणजे फारच पातळ ठेवला, आपल्या केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाहूनही पातळ, तर काही प्रकाश परत फिरतो आणि काही पलीकडे निसटतो. अर्धी खिडकी, अर्धा आरसा. अशा 'पारदर्शक आरशा'चं पेटंट अमेरिकेत सिनसिनाटीच्या एमिल ब्लॉकने १९०३ मध्येच घेतलं होतं.

दुकानदार या काचेला 'वन-वे' म्हणतात. ते नाव फसवं आहे. ही काच दोन्ही बाजूंनी सारखीच वागते. उजेडात उभ्या असलेल्याला ती आरसा वाटते आणि अंधारातून बघणाऱ्याला खिडकी. अंधाऱ्या बाजूला दिवा लावा, लगेच बिंग फुटतं.

आता भाचीच्या प्रश्नाचं उत्तर. आरशामागच्या पडद्यावर सगळं काळं ठेवलेलं असतं आणि फक्त आकडे पांढरे. जिथे काळं, तिथून मागून प्रकाश येत नाही, म्हणून तिथे आपण दिसतो. जिथे पांढरा आकडा, तिथला प्रकाश काचेतून पुढे येतो, म्हणून आकडा दिसतो. टीव्ही लपवलेला नसतोच. तो अंधारात असतो, इतकंच.

"आणि आकडे उलटे का नाही दिसले?" भाचीचा पुढचा प्रश्न. "माझ्या टी-शर्टवरची अक्षरं तर आरशात उलटी होती."

हा प्रश्न मला सुचला नव्हता, खरं सांगतो. टी-शर्टवरून निघालेला प्रकाश आरशावर आपटून परत येतो, म्हणून अक्षरं उलटी. पडद्यावरचा प्रकाश मात्र कुठेच आपटत नाही. तो सरळ काचेतून आपल्याकडे येतो, खिडकीपलीकडची पाटी वाचावी तसा. म्हणजे एकाच काचेत काही अक्षरं सरळ आणि काही उलटी. त्या दुकानातली सेल्फी बघून तिने दोनदा खात्री केली.

मग अर्थातच पुढचं वाक्य आलं. "मामा, आपण करू या ना."

असा आरसा घरी करायचं वेड जगभर पसरलं त्याला एक कारण म्हणजे नेदरलँड्सचा मायकेल टेऊ. न्यूयॉर्कला फिरायला गेला असताना मेसीज नावाच्या मोठ्या दुकानात त्याला एक आरसा दिसला, ज्याच्या मागून एक पाटी उजळत होती. आपल्या भाचीसारखंच त्याच्या डोक्यात चक्र सुरू झालं. २०१४ मध्ये त्याने जुन्या मॉनिटरपुढे अर्धी आरसा-काच बसवली, मागे रास्पबेरी पाय लावला आणि घड्याळ, हवामान, बातम्या दाखवणारा आरसा तयार केला. रास्पबेरी पाय म्हणजे पत्त्यांच्या कॅटमधल्या पत्त्याएवढा संगणक. मुलांना संगणक नुसता वापरायला नाही तर उघडून बघायला मिळावा म्हणून तो इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या काही मंडळींनी तयार केला आणि २९ फेब्रुवारी २०१२ पासून विकायला काढला. (वाढदिवस चार वर्षांतून एकदा येणारा संगणक!)

टेऊने आरसा केला, त्यात विशेष काही नाही. हुशार माणसं अशा वस्तू करतच असतात. त्याने पुढे जे केलं ते मला जास्त मोठं वाटतं. आपला सगळा प्रोग्राम त्याने उघड्यावर ठेवून दिला. घ्या, वापरा, बदला, फक्त मूळ कर्त्याचं नाव पुसू नका, एवढीच अट. नाव ठेवलं 'मॅजिकमिरर'. मग लोक जमत गेले. कुणी आगगाडीचं वेळापत्रक दाखवणारा तुकडा लिहिला, कुणी चंद्राच्या कला दाखवणारा, कुणी झाडाला पाणी घालायची आठवण करणारा. या तुकड्यांना मॉड्यूल म्हणतात. हवं ते मॉड्यूल आणायचं आणि आपल्या आरशात बसवायचं. २०१६ मध्ये 'मॅगपाय' या मासिकाच्या ५० व्या अंकासाठी वाचकांनी रास्पबेरी पायवर केलेल्या सगळ्या करामतींना मतं दिली, तेव्हा हा आरसा पहिला आला.

पेरणीच्या दिवसांत गावाकडे सावड असते, ते तुमच्यातल्या काहींनी पाहिलं असेल. आज आमच्या रानात तुमची बैलजोडी, उद्या तुमच्या रानात आमची. पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत. इर्जिक तर त्याहून मजेची. सगळ्यांनी मिळून एकाचं रान नांगरून द्यायचं आणि त्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. संगणकाच्या जगातली ही सावडच. फरक इतकाच, की बैलजोडी एका दिवशी एकाच रानात जाऊ शकते. प्रोग्राम एकाच वेळी हजारो घरांत राबला तरी दमत नाही.

आमची सावड अगदी गल्लीतच सुरू झाली.

जालना म्हणजे भंगाराची किंमत जाणणारं गाव. इथल्या भट्ट्यांत लोखंडाचं भंगार वितळतं आणि बांधकामाच्या सळया होऊन बाहेर पडतं. त्यामुळे "जुना मॉनिटर कशाला हवा?" असं आम्हाला कुणी विचारलं नाही. विचारलं ते "किती इंची?" ओळखीच्या दुरुस्तीवाल्या काकांकडे एक १९ इंची मॉनिटर धूळ खात होता. त्यांनी तो लावून दाखवला, प्लॅस्टिकची कड स्वतः काढून दिली आणि भाचीला दम भरला, "पोरी, ही मागची पेटी उघडायची नाही. वायर काढून ठेवली तरी हिच्यात करंट शिल्लक राहतो." काका बरोबर बोलत होते. मॉनिटरच्या वीजपुरवठ्यात कपॅसिटर असतात आणि ते वीज काही काळ साठवून ठेवतात. तुम्हीही हे काम मोठ्या माणसाशिवाय करायचं नाही. यात घासाघीस नाही.

काचेसाठी दोन वाटा होत्या. तयार अर्धी आरसा-काच आणायची किंवा साध्या काचेला चकाकणारी फिल्म लावायची. आम्ही स्वस्तातली वाट धरली. काचवाल्याने ४ मिलिमीटरची काच कापून कडा घासून दिल्या. फिल्म लावायची ती काचेवर साबणाचं पाणी शिंपडून. फिल्म त्या पाण्यावर तरंगते, मग रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी ढकलत न्यायचं. वाचायला सोपं वाटतं. आमच्या पहिल्या काचेवर इतके बुडबुडे राहिले, की आरशात माझ्या चेहऱ्यावर कांजिण्या आल्यासारख्या दिसत होत्या. दुसऱ्या वेळी भाचीने पंखा बंद केला, फरशी ओली करून धूळ बसवली आणि मगच फिल्म सोलली. एकच बुडबुडा राहिला. तो अजून आहे, डाव्या कोपऱ्यात. आम्ही त्याला मूळ टिकली म्हणतो.

फिल्मची बाजू मागे ठेवली, पडद्याकडे. पुढे ठेवली असती तर आईने पहिल्याच आठवड्यात तिच्यावर टिकल्या लावून ओरखडे पाडले असते. पडदा काचेपेक्षा लहान होता, म्हणून उरलेल्या जागेत मागून काळा कार्डशीट चिकटवला, म्हणजे मागचा उजेड कुठूनही डोकावणार नाही.

फ्रेमसाठी सुतारकाकांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, काचेला आणि पडद्याला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "हे सगळं चार वर्षांत बदलाल तुम्ही. फ्रेम तेवढी राहील. ती सागवानाची करू."

मला तेव्हा हसू आलं. मग भोकरदन आठवलं आणि हसू विरलं.

भोकरदन आमच्याच जिल्ह्यात, केळना नदीच्या काठी. दोन हजार वर्षांपूर्वी त्याचं नाव होतं भोगवर्धन, आणि ते व्यापाराचं भरभराटीचं गाव होतं. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत भोगवर्धनची माणसं होती, तशी नोंद तिथल्या दगडांवर कोरलेली आहे. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून इथे उत्खनन केलं. त्यात हस्तिदंती कामही सापडलं. आता इथून थेट इटलीत चला. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि पॉम्पेई हे शहर राखेखाली गाडलं गेलं. १९३८ मध्ये त्या राखेतून वीतभर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. अंगावर भारतीय दागिने, दोन बाजूंना दोन छोट्या सख्या. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. भोकरदनच्या हस्तिदंती कामाशी तिची घडण इतकी जुळते, की ती इथेच घडली असावी असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं.

आणि ती होती कशासाठी? तिच्या माथ्यातून खाली एक छिद्र पाडलेलं आहे. काही म्हणतात ती छोट्या मेजाचा पाय असेल. पण इतरांचं म्हणणं, ती आरशाची मूठ होती. तेव्हा काचेचे आरसे नव्हते असंच समजा. घासूनपुसून लखलखीत केलेला धातू, हाच आरसा. तो धातू कुठे गेला, कुणाला ठाऊक? मूठ मात्र, ती खरंच मूठ असेल तर, बहुधा भोकरदनच्या केळनाकाठावरून समुद्र ओलांडून गेली, राखेत गाडली गेली आणि उरली. मी सुतारकाकांना ही गोष्ट सांगितली. ते रंधा मारता मारता म्हणाले, "मग? मी काय सांगत होतो?"

फ्रेम सागवानाचीच झाली. खोली चार बोटं, खाली आणि वर भोकांची रांग. पडदा आणि संगणक तापतात, गरम हवा वर चढते आणि वरच्या भोकांतून निघून जाते. तिच्या जागी खालून गार हवा येते. पंखा लागत नाही.

आता प्रोग्राम. तो आमच्या रास्पबेरी पायवर उतरवून घेतला, चालू केला आणि आरसा उजळला. आई बघायला आली. खाली लिहिलं होतं, ६ अंश.

"सहा अंश?" आई म्हणाली. "अरे, मग पंखा कशाला लावलायस?"

ते तापमान न्यूयॉर्कचं होतं! मॅजिकमिररसोबत जी नमुन्याची फाइल येते, तिच्यात न्यूयॉर्कचा पत्ता भरलेला असतो. सणांची यादीही अमेरिकेची. आम्ही आरशाला आपला पत्ता दिला, उत्तर अक्षांश १९.८४ आणि पूर्व रेखांश ७५.८८. आरसा क्षणात जालन्याला आला.

हा पत्ता ज्या फाइलीत लिहायचा, तिला कॉन्फिग म्हणतात. कुठलं मॉड्यूल कुठे बसवायचं, ते काय दाखवणार, सगळं तिच्यात एका ओळीखाली एक. प्रत्येक नोंदीनंतर स्वल्पविराम. भाचीने तापमान डावीकडून उजवीकडे नेलं, फाइल जपून ठेवली, आरसा पुन्हा चालू केला आणि सगळं गायब. घड्याळ नाही, तापमान नाही. नुसती इंग्रजीत सूचना, की कॉन्फिग फाइल तयार करा, आणि आधीच केली असेल तर तिच्यात बहुधा काहीतरी चूक आहे.

आम्ही दोघांनी तासभर डोळे फोडून घेतले. शेवटी गल्लीतल्या इंजिनिअरिंगला असलेल्या ताईला बोलावलं. ती म्हणाली, "मनात वाचू नका, मोठ्याने वाचा. स्वल्पविराम आला की 'स्वल्पविराम' म्हणा." भाची वाचू लागली. बाराव्या ओळीच्या शेवटी ती थांबली, मान वर केली आणि म्हणाली, "इथे म्हणायला काही नाहीये." मराठीच्या पेपरात स्वल्पविराम विसरला तर फार तर अर्धा गुण जातो. इथे अख्खा आरसा गेला होता. (मोठ्याने वाचायची ही युक्ती गणिताच्या वहीलाही चालते. करून बघा.)

दुसरा घाव घातला लाईटने. एका संध्याकाळी लाईट गेली, परत आली आणि आरसा उठेचना. रास्पबेरी पायचं सगळं डोकं नखाएवढ्या मेमरी कार्डात असतं. त्यावर काही लिहिणं चालू असताना वीज गेली तर लिहिलेलं अर्धवट राहतं आणि कधी कधी कार्डच बिघडतं. सगळं पुन्हा करावं लागलं. आता कार्डाची एक नक्कल कपाटात असते आणि आरशाची वायर इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये.

तिसरी फजिती मात्र इतकी मजेदार होती, की तिच्यासाठी मी पुन्हा एकदा फसायला तयार आहे. समोर माणूस नसेल तर पडदा बंद व्हावा म्हणून आम्ही एक सेन्सर आणला. बँकांच्या, कार्यालयांच्या कोपऱ्यात पांढरी डबी दिसते ना, तसाच. माणसाच्या अंगातून उष्णतेचे किरण निघतात, डोळ्यांना न दिसणारे. माणूस हलला की ते किरण हलतात आणि सेन्सरला कळतं. आम्ही तो काचेमागे लपवला. मग भाची आरशापुढे नाचली, मी नाचलो, ताईने उड्या मारल्या. पडदा ढिम्म. कारण आपल्याला आरपार दिसणारी काच त्या उष्णतेच्या किरणांसाठी भिंत असते! डोळ्यांना खिडकी, सेन्सरला भिंत. सुतारकाकांनी फ्रेमच्या खालच्या पट्टीत एक भोक पाडलं, सेन्सर त्यातून बाहेर डोकावू लागला आणि काम झालं.

कॅमेरा आणि माइक लावावा असं कुणी सुचवलं, तर मी हात जोडतो. आरशापुढे माणूस केस विंचरतो, दात बघतो, वेडीवाकडी तोंडं करतो. तिथे डोळा आणि कान बसवू नयेत.

आता टिकलीकडे येऊ. भाचीने घड्याळ हौसेने अगदी मधोमध, मोठ्या अक्षरांत लावलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई वैतागली. "वेळ बघायला गेले की कुंकू दिसत नाही, कुंकू बघायला गेले की वेळ दिसत नाही." बरोबरच होतं. घड्याळ हातभर अंतरावर, चेहरा दोन हात, आणि डोळ्यांना एकच अंतर धरता येतं. वर आकड्यांचा प्रकाश थेट नाकावर.

"कडेला लाव ना," आई म्हणाली. "आम्ही टिकल्या मध्ये लावतो का?"

इतकी वर्षं ती टिकल्या कडेला लावतेय. मला वाटायचं, ती सवय आहे.

घड्याळ वर डावीकडे गेलं, तापमान उजवीकडे, खाली एकच ओळ. या एका ओळीत आता काय काय येतं! आमच्या गल्लीत नळाला पाणी यायचा दिवस. भाची असली की तिच्या दप्तराची यादी. मॅजिकमिररमध्ये कौतुकाची वाक्यं दाखवायचंही एक मॉड्यूल असतं, 'आज छान दिसताय' वगैरे. आईने ती सगळी काढायला लावली. आता सकाळी सातला तिथे येतं, "दात घासले का?"

रात्री सगळे दिवे मालवले की एक उणीव दिसते. काळ्या पडद्याच्या जागी राखाडी चौकोन उमटतो. अशा पडद्यात मागचा दिवा सतत चालू असतो आणि काळं दाखवताना तो झाकून घेतला जातो, पण झाकण पूर्ण बसत नाही, थोडा उजेड झिरपतोच. त्यावर आम्हाला इलाज सापडलेला नाही. रात्री आरसा बघायचा कशाला, असं म्हणून आम्ही विषय मिटवलाय.

तुमच्याकडे मॉनिटर, रास्पबेरी पाय काही नसलं तरी अडत नाही. शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर तिथल्या सरांना विचारा. तीही नसेल तर घरातल्या जुन्या फोटो फ्रेमची काच मोठ्यांकडून काढून घ्या. मागे काळा कार्डशीट लावा आणि त्यात आगपेटीएवढी खिडकी कापा. मोबाइलवर काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत आपलं नाव लिहा, मोबाइल त्या खिडकीमागे टेकवा आणि उजेडात उभे राहून पुढून बघा. एसटीच्या खिडकीत दिसता तसे पुसट दिसाल, आणि तुमच्या गालावर तुमचंच नाव, सरळ अक्षरांत.

शेवटी राहिली भाषा. मॅजिकमिरर जगभरच्या भाषांत बोलतो, कारण त्या त्या भाषेच्या लोकांनी शब्द लिहून दिले. 'स्टार ट्रेक' या मालिकेतल्या परग्रहवासीयांची क्लिंगॉन भाषासुद्धा त्यात आहे! तारखा आणि महिने मराठीत दाखवायची सोय कुणीतरी आधीच करून ठेवलेली आहे, १, २, ३ सुद्धा आपल्या अंकांत येतात. बाकीचे शब्द आम्ही आमच्या आरशापुरते लिहायला घेतले. आज, उद्या, आणि मग एक जागा आली जिथे उद्यानंतरचा दिवस हवा होता. इंग्रजीला त्यासाठी धड एक शब्द नाही. आपल्याकडे परवा आहे. वाऱ्याच्या दिशांनाही तेच. इंग्रजीत 'उत्तर-पूर्व' म्हणून भागवतात, आईने मात्र बसल्या जागी चारही कोपरे सांगितले, ईशान्य, आग्नेय, नैर्ऋत्य, वायव्य. भाचीने ते लिहून घेतले.

एक शब्द मात्र अडलाय. माहिती येईपर्यंत पडद्यावर इंग्रजीत 'लोडिंग' असं येतं. भाची म्हणते 'आणतेय' लिहा, आई म्हणते 'थांब जरा', सुतारकाका म्हणतात 'दम धर'. मी अजून जागा रिकामी ठेवली आहे. तुमच्या घरी काय म्हणाल? पोस्टकार्डावर लिहून आमच्याकडे धाडा. फार लांबलचक नको. दोन टिकल्यांच्या मध्ये मावेल एवढाच हवा.